नव्या मोराची मान

डॉक्टरीणबाईंनी कंबरेच्या मणक्यावर अंगठा दाबला आणि पैठणीचा तो विणकर गुडघा धरून कळवळला.

“पाहिलंत? शीर कंबरेत दबली आहे. गुडघा उगाच बदनाम झाला. आता मागावर वाकणं बंद.”

“गुडघा मुडपू नये म्हणून हिने बैठकीखाली गोधड्या घातल्या,” तो थकून म्हणाला. “उंच बसलो, तसं वाकणंही वाढलं.”

“म्हणजे तुमची कंबर मीच मोडली!” बायकोचा चेहरा उतरला.

“अगं, त्या गोधड्यांमुळेच तर लेकीच्या पैठणीचा निम्मा पदर तरी विणून झाला.”

उरलेला निम्मा मागावर होता आणि लग्न तोंडावर आले होते. घरी परतल्यावर, आजवर केवळ रेशीम गुंडाळून कांड्या भरणारी ती स्वतः मागावर बसली. तो शेजारी सतरंजीवर उताणा पडून एकेक रंग सांगू लागला.

काही दिवसांनी त्याने कष्टाने कुशीवर वळून पाहिले. नव्या मोराची मान किंचित वाकडी उतरली होती. एवढ्याशा चुकीपायी त्याने स्वतःचे विणकाम कितीदा उकलले होते!

“उकलू का हो?” तिने भीतभीत विचारले.

त्याने डोळे मिटले. “राहू दे. हा मोर आईचा, हे लेक ओळखेल.”