सैल धर

नवा फोन मुठीत घट्ट धरला की रेंज जाते, अशी तक्रार घेऊन कुणी मालवण बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात आलं की दुकानदार विलासबुवा हसायचे. "कीर्तनातलो टाळ मुठीत आवळलो तर वाजतलो काय रे? फोनय तसोच सैल धरूचो."

"बुवा, तुम्ही आमका फोन इकलास की टाळ?" गिऱ्हाईकही हसायचं.

आज दुपारी वारा फिरला, आणि तसलाच फोन घेऊन मासेमारीला गेलेल्या बुवांच्या धाकट्या भावाचा कॉल आला. "दादा, होडयेत पाणी भरता. आमी आसंव..." कुठे ते सांगायच्या आतच आवाज तुटला. पुन्हा कॉल आला, पुन्हा तिथेच तुटला.

"सैल धर रे बाबल्या," बुवा कॉल तुटलेल्या फोनला विनवत राहिले.



तिसरा कॉल तुटला नाही. लाटांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता, आणि बोलत कुणीच नव्हतं.