कापलेले अकरा सेकंद

ताईने मरण्याआधी आमच्या ध्वनिसंग्रहाच्या साहेबांविरुद्ध दिलेली साक्ष त्याच संग्रहात होती. तिच्यातले अकरा सेकंद साहेबांनी कापलेत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत एक चेकसम फाइल असते; तिच्यात मूळ आवाजावरून काढलेला एक आकडा असतो. आवाजातला एक श्वास जरी कापला, तरी तिच्यातला आकडा जुळत नाही. म्हणून साहेबांनी ताईच्या चेकसम फाइलच्या नावामागचं एक्स्टेन्शनच बदलून ठेवलं होतं. कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आज भरदुपारी, सगळ्या स्टाफसमोर, मी ते एक्स्टेन्शन पुन्हा होतं तसं केलं आणि तपासणी लावली. लाल ओळ येण्याची वाट बघत दात आवळून बसले.

ओळ हिरवी आली. आकडा जुळला.

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बघ, तुझ्या ताईचा शब्द न् शब्द जागेवर आहे."

"मग ऐकू या की," मी म्हटलं आणि प्ले दाबलं.

ताई नेहमीसारखी संथ बोलत होती. कापलेली जागा आली. तिथे साहेबांचं मघाचंच हसणं होतं, शेवटच्या ठसक्यासकट.

मग ताई म्हणाली, "झालं हसून?"