पोटातलं गाव

झिपरीचं पोट मुकं झालं होतं. सुशीलाबाईंनी बकरीच्या डाव्या कुशीला कान लावला, पुन्हा लावला. रोज तिथं जातं फिरल्यासारखी घरघर चालायची. आज काही नाही. पोट टम्म फुगलेलं, आणि झिपरी नुसती दात खात उभी.

"काय खाऊ घातलं?" गुरांच्या डॉक्टरीण रुचिका चिचगडहून गाडीवर आल्या होत्या.

"नव्या धानाचा भात. काल नव्याचा सण, आमी नवं खाल्लं, मंग इनं काऊन नाही खायचं? बाटलीनं दूध पाजून जगवली मी हिले."

"किती घातला?"

"परातभर. मी काही आखडत्या हाताची नाही."

डॉक्टरीणबाईंनी सोड्याचं पाणी पाजलं आणि ओट्यावर टेकल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला, ज्यांच्या तोंडी सरपंचही लागत नाही त्या सुशीलाबाई जवळ सरकून बसल्या. बकरी एकटी चारा पचवत नाही म्हणे. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, आभाळात चांदण्या नसतील इतके. काडीकचऱ्याचं रक्त-दूध होतं ते त्यांच्या जिवावर. भातानं पोट आंबलं, आणि ते मेले.

"अख्खं गावच ओस पडलं म्हणा ना," सुशीलाबाई हळू म्हणाल्या.

"हो. आता पुन्हा वसवायचं तर जिते जीव पाहिजेत. दुसऱ्या बकरीच्या तोंडातला रवंथ काढून हिला पाजायचा."

"उष्टं?"

"उष्टंच."

गावच्या बकऱ्या केव्हाच जंगलात चरायला गेल्या होत्या. घरी बांधलेली एकच होती, गावाबाहेरच्या टोलीवरच्या अनुसयाबाईची, नुकती व्यालेली. अनुसयाबाई सुशीलाबाईंच्या धानाच्या बांधीत रोवणी करता करता म्हातारी झाली, पण तिच्या घरचं पाणी या घरात कोणाच्या घशाखाली उतरलं नव्हतं. आडवी होती ती जात. रीत सासूनं घालून दिलेली; सुशीलाबाईंनी ती तुपाच्या बरणीसारखी जपली.

झिपरीनं बसकण मारली. मान टाकली.

सुशीलाबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं आणि टोलीकडे चालू लागल्या, मागून डॉक्टरीणबाई. अनुसयाबाईचा उंबरठा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

अनुसयाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि रवंथ करत बसलेल्या आपल्या बकरीचा जबडा धरला.

"माह्या बकरीचं उष्टं चालते का बाई, तुमच्या बकरीले?"

"तोंड कमी चालव. नीट धर."

डॉक्टरीणबाईंनी बोट घालून हिरवा गोळा काढला, कोमट पाण्यात कालवला, फडक्यानं गाळला आणि झिपरीच्या नरड्यात थोडा थोडा उतरवला. मग नुसतं बसणं. उन्हं अंगणातून सरकून छपरावर गेली. सुशीलाबाईंचा कान कुशीवरून हलला नाही.

आधी काही नाही. मग खोल कुठंतरी काहीतरी कूस बदलल्यासारखं झालं. थांबलं. पुन्हा झालं. सुशीलाबाईंनी कान आणखी दाबला. झिपरीनं लांब ढेकर दिला आणि तिचा जबडा हलू लागला.

सुशीलाबाईंनी त्या जबड्यावरून हात फिरवला. मग अनुसयाबाईकडे वळल्या.

"अनुसया, तुह्या घरचे जीव माह्या घरी नांदाले आले. सोयरीक झाली ना वो ही?"

"झालीच म्हणा."

"मंग दारी आलेल्या विहिणीले पाणी नाही देत का तुमच्यात?"