झाडाने पाहिलेलं परस

"काल पुन्हा तुझी आई आली होती स्वप्नात," वांग्याच्या भाजीचा डबा उघडत लॅबमधली कुंदा म्हणाली. "हिरवं पातळ, हातात तांब्या. पण वांग्यांच्या दर तोड्याला पुसट होत चाललीय गं. काल तर चेहरा नीट दिसलाच नाही."

आई गेल्यावर तिच्या परसातल्या वांग्याच्या झाडाचा एक कोंब मृदुलाने लॅबमध्ये आणून बरणीत वाढवला होता. त्याची हजारो रोपं तालुकाभर लागली, आणि ती वांगी खाणाऱ्या प्रत्येकाला रात्री झाडाने पाहिलेलं परस दिसू लागलं. सगळ्यांना आई भेटत होती, फक्त मृदुलाला नाही. पहिला तोडा आषाढीनंतर आला होता, आणि चातुर्मासात वांगं न खाण्याचा आईचा नेम तिने पुढे चालवला होता.

आजवर न विचारलेलं तिने आज विचारलं, "काही बोलते का गं ती?"

"झाडाशीच बोलते. म्हणते, 'मृदू आली की तुझं भरीत करणार हं. नेम माझा आहे, पोरीचा नाही.'"

मृदुलाने कुंदाचा डबा आपल्याकडे ओढला. पहिल्याच घासाला, भर दुपारी, तिचे डोळे जड होऊ लागले.