दिवा विझेपर्यंत

“आमच्या काळी टेप संपायची, म्हणून माणसं सुटायची, सूनबाई. तुमचं हे कॅमेऱ्यातलं कार्ड संपता संपत नाही. जरा जपून,” सासरे म्हणाले होते. उभा जन्म लग्नांचं शूटिंग करण्यात घालवलेला माणूस. तिने ते हसण्यावारी नेलं. “अहो बाबा, संपत नाही हीच तर मजा आहे!”

आज सासऱ्यांना औषधं आणायला पाठवून नवऱ्याने त्यांचा टेपवाला कॅमेरा कपाटावरून खाली काढला. चांगला खोक्याएवढा, खांद्यावर घ्यायचा. आतल्या खोलीत स्टँडवर उभा केला. त्यात टेप नव्हती. तो चालूही होत नव्हता. पुढे जिथे दिवा लागायचा, तिथे नवऱ्याने सेलवरचा एक बारका लाल दिवा चिकटवला. खरा कॅमेरा तळहातावर मावेल एवढा, तो समोरच्या पुस्तकांच्या फटीत दडवला. त्यातलं चित्र भिंतीपलीकडे, बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर येत होतं.

हा सगळा खटाटोप मुंगीसाठी. मुंगी म्हणजे त्यांची मुलगी, तिला नुकतंच पाचवं लागलं होतं. नवा कॅमेरा दिसला की ती त्यात बघून दात काढायची आणि शॉट वाया जायचा. आजोबांच्या कॅमेऱ्याची शिस्त मात्र तिच्या अंगात मुरली होती. लाल दिवा लागला की पुतळा, विझला की पळ. आजोबा तिच्याशी हाच खेळ खेळायचे. दिवा विझवायला ते कधी उशीर करत नसत.

“आई बाहेर गेलीय,” नवऱ्याने मुंगीला खुर्चीवर बसवलं. “दिवा विझला की येणार. त्याआधी उठलीस तर नाही येणार.”

“कुठे गेलीय पण?”

“दिव्याला विचार,” म्हणून त्याने दार ओढून घेतलं.

आई भिंतीच्या अलीकडेच होती, त्या बारक्या कॅमेऱ्याच्या फोकसचं, दुरून फिरवायचं चाक हातात धरून. त्यांच्या सिनेमात माणसं दोनच. तो दिग्दर्शक, ती उरलेलं सगळं. आणि सगळा सिनेमा या एका शॉटवर उभा होता. आईची वाट बघणारी मुलगी.

आधी मुंगी पाय हलवत बसली. मग काहीतरी गुणगुणली. मग तेही थांबलं.

“आई?”

इकडे आई अर्धवट उठली.

“आता आत गेलीस तर उद्या पुन्हा रडवावं लागेल तिला,” पडद्यावरची नजर न हलवता नवरा पुटपुटला. “काय व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे. आणि फोकस बघ, पुढे झुकतेय ती.”

उद्या पुन्हा नको, हे तिला पटलं. ती बसली. चाक केसभर फिरवलं. मुंगीच्या पापण्या लख्ख दिसू लागल्या. पापणीवरचा थेंबही.

“आई, मी हलले नाही गं. बघ ना.”

मुंगी हुंदक्यासरशी मागेपुढे होत होती आणि आईचं बोट त्याच तालावर चाक फिरवत होतं. एकही हुंदका धूसर गेला नाही.

शेवटी नवऱ्याने मूठ आवळली. “मिळाला! बाई गं, काय फोकस धरलायस! मोठे मोठे स्टुडिओवाले झक मारतील तुझ्यापुढे.”

किती दिवसांनी तो असं बोलला होता. ती डोळे पुसत हसली. त्याने फोनवरूनच शॉट पडद्यावर पुन्हा लावला. दोघांनी डोक्याला डोकं लावून पाहिला. मग आणखी एकदा. कुठे कापायचं यावरून जुंपली. तो म्हणे दुसऱ्या हुंदक्यावर, ती म्हणे छे, “बघ ना”वर. तिसऱ्यांदा शॉट संपला तरी दोघं हमरीतुमरीवरच होती.

बोलता बोलता तिचं पडद्याकडे लक्ष गेलं. मुंगी खुर्चीत ताठ बसली होती. हात मांडीवर. गालांवर वाळलेले ओघळ. डोळे समोरच्या दिव्यावर खिळलेले. खुर्चीखाली फरशी ओली.

“हे आधी नव्हतं,” ती म्हणाली. “हा कुठला टेक?”

नवरा पडद्याजवळ सरकला. मग हातातल्या फोनकडे पाहिलं.

“टेक नाही हा,” तो म्हणाला. “शॉट मघाशीच संपला. हे आत्ताचं आहे.”

“अरे देवा! दिवा!” ती ताडकन उठली.

त्याने तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने फोनवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. “थांब. अगं, चेहरा बघ तिचा. असं सांगून कोण करील? मुलगी आपलीच आहे, कुठे पळून जातेय. कार्डात भरपूर जागा आहे.”

तिने मनगट सोडवून घेतलं. दाराकडे पाहिलं. मग, जाता जाता, एकदाच पडद्याकडे. मुंगी बसल्या जागी किंचित मागे रेलली होती. तिचा चेहरा धूसर दिसत होता.

ते काही तिला बघवेना. हात आपसूक चाकावर गेला.

तो हात अजून तिथेच आहे. सासरे औषधांच्या रांगेत आहेत. तुमचे हात तर मोकळे आहेत ना? मग जरा आतल्या खोलीत जाऊन या. तो दिवा तेवढा उपटून काढा, आणि मुंगी उठते का बघा.