पिवळं

"कुणाचा विश्वास बसायचा न्हाई," रंगराव म्हणाले, "पण सहाशे चाळीस पानांची फाईल हाय, आणि माउसला हात न लावता पाहिजे ते पान मी चहाचा घोट गिळायच्या आत काढून दावतो."

माउस नव्हताच. सात वर्षांपूर्वी तो यंत्र गार ठेवायच्या कूलंटच्या बादलीत बुडून वारला आणि चाकणच्या त्या कारखान्याने दुसरा काही दिला नाही. कॉम्प्युटरही इतका थकलेला, की साधं ड्रॉइंग उघडताना धापा टाकायचा. म्हणून निरंजन नावाच्या इंजिनिअरने त्यात एक उघडाबोडका प्रोग्राम टाकला. ना मेनू, ना बटणं. मधोमध पान आणि खाली बोटभर पट्टीत पानाचा नंबर, संपलं. इंग्रजी जे दाबला की खाली, के दाबला की वर. तिरपी रेघ मारून काही लिहिलं की तो ते शोधून काढणार. नुसता आकडा टाकून मोठा जी दाबला की थेट त्या नंबरच्या पानावर उडी. पुढे निरंजन नोकरी सोडून गेला आणि ही विद्या एकट्या रंगरावांपाशी उरली.

रंगरावांनी तिचं पुराण केलं. एकदा म्हणे त्यांनी जी इतका जोरात दाबला, की कारखान्याच्या पलीकडच्या शॉपमध्ये साहेबांच्या हातातल्या वहीची पानं फडफडली. एकदा म्हणे जर्मनीच्या पाहुण्यांनी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची किंमत विचारली. ऐकणारे हसायचे, "सोडा राव" म्हणायचे. किसन तेवढा हसायचा नाही. परभणीकडचा हा गडी नऊ वर्षं कंत्राटावर होता, रंगरावांच्या तपासणीच्या टेबलावर पार्ट चढवायचा. प्रत्येक थापेला तो मान हलवून "व्हय" म्हणायचा, आणि त्या एका 'व्हय'वर रंगराव पुढची थाप रचायचे. किसनची शाळा दुसरीत सुटलेली. आकडे मात्र ओळखायचा. रंगरावांनी ड्रॉइंगमधलं माप शोधलं की पडद्यावर ते पिवळं व्हायचं. मग किसन ओरडायचा, "पिवळं!" त्यानंतरच पार्टला माप तपासायचा गेज लागायचा.

आज फाईल ड्रॉइंगची नव्हती. कारखान्यातलं हे शॉप बंद होणार होतं. कंत्राटातल्या काही जणांना नव्या प्लांटमध्ये कायम करणार होते, बाकीच्यांनी सोमवारी गेटवर यायचं नव्हतं. ठेवून घेतलेल्यांचे टोकन नंबर नियम, हुकूम आणि परिशिष्टांच्या त्या ढिगात कुठे कुठे पेरलेले. मोबाईल सगळ्यांचे गेटवर जमा. म्हणून शिफ्ट सुटल्यावर साठ माणसं रंगरावांच्या पाठीमागे दाटीने उभी होती. रंगराव स्वतः कायम होते आणि त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांचं काही अडलं नव्हतं.

त्यांनी धम्मपालचा नंबर टाकला. पिवळं. ज्ञानेशचा टाकला. पडदा जागचा हलला नाही, खालच्या पट्टीत बारीक इंग्रजीत 'सापडलं नाही' अशी एक ओळ उमटली. ज्ञानेशने डबा उचलला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. मग बराच वेळ तसंच चाललं. साठातले अकरा पिवळे झाले. सुरुवातीला जो तो आपला नंबर मोठ्याने सांगत होता, नंतर कानात सांगू लागला.

किसन सगळ्यात शेवटी पुढे आला. नंबर त्याने सांगितला नाही, रंगरावांना तो पाठ होता.

महिन्यापूर्वी चहाच्या वेळी रंगरावांनीच ठोकून दिलं होतं, की यादी साहेबांच्या टेबलावर आपण या डोळ्यांनी पाहिली आणि किसनचा नंबर पहिलाच आहे. थाप नेहमीचीच होती. किसन नेहमीसारखंच "व्हय" म्हणाला. पण घरी जाऊन त्याने ते बायकोला, चतुराबाईला सांगितलं. चतुराबाईने गावाकडे फोन लावला. बाप कायम झाला म्हटल्यावर लेकीची, दिव्याची अडलेली सोयरीक जमली. येत्या रविवारी निगडीत साखरपुडा होता आणि त्याचं पहिलं आवतण रंगरावांनाच होतं.

रंगरावांनी तिरपी रेघ मारली. चारशे सतरा लिहिलं. पट्टीत ती बारीक ओळ आली. त्यांनी पुन्हा लिहिलं, एकेक आकडा जपून, जणू चूक बोटांचीच होती. पुन्हा तीच ओळ. मानेवर किसनचा श्वास लागत होता. त्याला तेलाचा आणि तंबाखूचा वास होता, नऊ वर्षांचा ओळखीचा.

मग रंगरावांनी तिरपी रेघ मारली नाही. नुसतं चारशे सतरा दाबलं आणि मोठा जी.

पडद्याने उडी घेतली. नवं पान समोर आलं, ओळींनी गच्च भरलेलं. खालच्या पट्टीत ठसठशीत आकडा होता. रंगरावांनी त्यावर बोट टेकवलं.

"हे बघ," ते म्हणाले. "चारशे सतरा. तुझाच."

मागे ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांनी ते पान वाचलं. कॅन्टीनची भांडी किती गरम पाण्याने धुवावीत, याचे नियम होते. एकही जण "सोडा राव" म्हणाला नाही. धम्मपालने मान खाली घातली.

किसन वाकून बराच वेळ पाहत राहिला. चार, एक, सात. त्याने हळूच मान हलवली. नऊ वर्षं हलवत आला होता, तशीच. आता 'व्हय' येणार, म्हणून रंगरावांनी कान दिला.

किसनने त्यांचं बोट धरून अलगद पडद्यावरून बाजूला केलं.

"रंगराव," तो म्हणाला, "पिवळं न्हाई झालं."