जाकिटासकट वजन

"बाबा, जाकीट काढा ना."

"थंडी वाजते गं," म्हणत सासरे तसेच काट्यावर चढले. "गेल्या महिन्याएवढंच!" डॉक्टर खूश झाले.

मला पटेना. लेकीचं वजन करताना मी लंगोटसुद्धा काढते. कॅन्सर झाल्यापासून बाबांच्या ताटात अर्धी भाकरी उरते, अंगठी बोटात राहत नाही, आणि वजन तेवढंच?

मी त्यांच्या खिशात हात घातला. त्यांच्या किराणा दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन निघालं.

"चाळीस वर्षं काटा मारला नाही," ते पुटपुटले. "पण वजन उतरलं तर केमो थांबवतील, पोरी."

डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. "आधी अन्न पोटात जाऊ दे."

रिक्षात बाबा तोंड फिरवून बसले. घराशी उतरताना म्हणाले, "लेकीला नाचणीसत्त्व शिजवशील, त्यात माझीही वाटी धर."